मांडवीची मोजदाद

रत्नागिरीच्या पश्चिमेस, रत्नदुर्गाच्या डोंगराची सोंड जेथे समुद्रात शिरते तिच्या दक्षिण कुशीपासून राजिवडा आणि भाट्ये यांच्यामधील खाडीमुखापर्यंत काळसर वाळूचा जो किनारा पसरला आहे, त्यास मांडवी म्हणतात. आणि हे नाव ऐकताच आजच्या रत्नागिरीकराच्या डोळ्यांपुढे संध्याकाळची गर्दी, भेळेच्या गाड्या आणि धक्क्यावर गळ टाकून बसलेली मुले एवढेच उभे राहत असले, तरी शब्द म्हणून तो मुळात दप्तरातला आहे. जुन्या मराठीत मांडवी म्हणजे जकातीचे ठाणे. मध्ययुगीन शिलालेखांत आणि ताम्रपटांत येणाऱ्या ‘मण्डपिका’ या शब्दाशी त्याचे नाते आहे, आणि कच्छची मांडवी काय किंवा मुंबईची मांडवी काय, जेथे जेथे गलबतातून माल उतरे, तो मोजला जाई, त्याची रुजुवात होई आणि सरकारचा हक्क चुकता झाल्यावरच तो पेठेत जाऊ दिला जाई, तेथे तेथे हे नाव आढळते. रत्नागिरीची मांडवीही याच कुळातली असावी, असे मला वाटते; कारण बंदर, किल्ला आणि पेठ ही तिन्ही जेथे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत, तेथे जकातीचे ठाणे बसविण्याची बुद्धी कोणत्याही अंमलदारास झाली असती.

ज्या किनाऱ्यावर कित्येक पिढ्या समुद्राच्या देण्याची मोजदाद केवळ वसुलीसाठी झाली, त्याच किनाऱ्याच्या आसपास गेल्या साठ-सत्तर वर्षांत ती रयतेच्या उपयोगासाठी होऊ लागली, हा पालट मला फार महत्त्वाचा वाटतो. कोणतीही सनद जाहीर करून किंवा वाजतगाजत तो झालेला नाही. पेठकिल्ल्याच्या बाजूस झाडगावातील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र, खाडीच्या पैलतीरावर भाट्याच्या माडांतील नारळ संशोधन केंद्र आणि शहराबाहेर शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालय, या एकाच कृषी विद्यापीठाच्या छत्राखालील तीन जागी तो सावकाश, वर्षानुवर्षे नोंदवह्या भरत भरत घडत गेला. म्हणूनच त्याचा इतिहास कोणी फारसा सांगत नाही.

आधी जुन्या मोजदादीविषयी. १८१८ साली पेशवाई बुडून हा मुलूख इंग्रजांकडे गेला तेव्हा दक्षिण कोकणच्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे प्रथम बाणकोटास होते, ते १८२२ साली रत्नागिरीस आले, आणि त्याबरोबर कचेऱ्या, कारकून आणि दप्तरेही आली. बंदरावरील नोंदीस गलबत कोणाचे, ते हाकणारा तांडेल कोण, माल कोणता आणि जकात किती, एवढ्याशी कर्तव्य असे. तो माल ज्या समुद्रातून किंवा ज्या हातांतून आला त्यांच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे तिला प्रयोजन नव्हते. माल नेआणीवरची जकात वेगळी आणि धंदा करतो म्हणून द्यावयाचा मोहतर्फा वेगळा; हा दुसऱ्या प्रकारचा कर मुंबई इलाख्यातून १८४४ च्या एकोणिसाव्या कायद्याने उठला. कर उठला, पण ज्याच्यावर तो होता त्या माणसाच्या धंद्याविषयीचे सरकारचे अज्ञान कायम राहिले.

या अज्ञानाची खरी किंमत मिठाच्या रूपाने मोजावी लागली. मासळी हा असा माल आहे की तो सकाळी सोन्याच्या मोलाचा असला तरी संध्याकाळी उकिरड्यावर जातो. बर्फ नव्हता, सडका नव्हत्या, घाट उतरून आलेला व्यापारी परत चढून जाईपर्यंत टिकेल अशी मासळी म्हणजे खारवलेली आणि वाळवलेली मासळीच. बांगड्यांचा मोठा लोंढा किनाऱ्यास लागला की घरोघरच्या बायका पोटे चिरून मीठ भरावयास बसत, आणि मिठावर तर सरकारचा कर. मीठ महाग म्हणून ते हात आखडून वापरावयाचे, हात आखडला म्हणून मासळी नासावयाची, आणि नासली म्हणून भाव पडावयाचा. लष्करातील शल्यवैद्य असलेले आणि पुढे हिंदुस्थानातील माशांवरील आपल्या ग्रंथाने कीर्ती पावलेले फ्रान्सिस डे यांनी १८७३ साली हिंदुस्थान आणि ब्रह्मदेश यांच्या सागरी मत्स्यव्यवसायाविषयी जो अहवाल सरकारास सादर केला, त्यात या दुखण्यावर बोट ठेवले होते. पुढे पश्चिम किनाऱ्यावर मीठखात्याच्या देखरेखीखाली मासे खारवण्याची सरकारी आवारे निघाली, आणि आवाराच्या कुंपणाच्या आत मासळी आणणाऱ्यास सवलतीच्या दराने मीठ मिळू लागले. अभ्यासकाच्या निरीक्षणावरून कायद्यात फरक पडावा आणि तो फरक चुलीपर्यंत पोहोचावा, याचे या किनाऱ्यावरील हे सर्वांत जुने उदाहरण मला माहीत आहे, आणि ते मिठाचे असावे हे मला फार योग्य वाटते.

१८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी आणि सावंतवाडी यांच्यावरील दहावा खंड प्रसिद्ध झाला. त्यात या किनाऱ्यावरील मासे, जाळी, होड्या आणि दालदी, खारवी, गाबीत, भोई अशा दर्यावर्दी जातींची माहिती आहे, आणि ती वाचताना जाणवते की लिहिणाऱ्याने कोणा तांडेलास समोर बसवून, एकेक मासा दाखवून, त्याचे नाव विचारून घेतले असले पाहिजे. त्या तांडेलाचे नाव मात्र त्या खंडात नाही. ही उणीव पुढील शंभर वर्षांत फारशी भरून निघाली नाही, म्हणून ती येथेच नोंदवून ठेवतो.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांविषयी थोडक्यात सांगता येईल. १९२१-२२ च्या सुमारास मुंबई सरकारने ‘विल्यम कॅरिक’ नावाची वाफेवर चालणारी ट्रॉलर बोट आणून समुद्राच्या तळाशी मासे किती आहेत याचा अदमास घेतला. धंदा म्हणून तो प्रयोग आतबट्ट्याचा ठरला. पुढे १९३०-४० च्या दशकाच्या आरंभी एच. टी. सोर्ली या सनदी अधिकाऱ्याने इलाख्याच्या सागरी मत्स्यव्यवसायाचा सविस्तर अहवाल तयार केला. हेच सोर्ली पुढे सिंधी संतकवी शाह अब्दुल लतीफ यांच्यावर मोठा ग्रंथ लिहून गेले. हिशेबाच्या माणसाच्या ठिकाणी अशी रसिकता असली म्हणजे त्याच्या अहवालातील कोष्टकांच्या मागेही माणसे दिसू लागतात. तरीही एवढी गोष्ट खरी की हे सारे अभ्यास येणाऱ्याजाणाऱ्यांचे होते. कोणी एक हंगाम आला, पाहिले, लिहिले आणि मुंबईस परतला. समुद्र मात्र असा एका हंगामात कळत नाही. यंदा बांगडा आला नाही तर तो का आला नाही, हे सांगण्यासाठी मागच्या दहा वर्षांत तो केव्हा, किती आणि केवढ्या लांबीचा आला होता हे कोणीतरी तेथेच राहून लिहून ठेवलेले असावे लागते.

ते तेथेच राहणे १९५८ साली सुरू झाले. मुंबईत चर्नी रोडजवळ तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडले होते; त्यानंतर सात वर्षांनी, द्वैभाषिक मुंबई राज्य असताना, सरकारच्या मत्स्यव्यवसाय खात्याने रत्नागिरीस सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र स्थापिले. जागा निवडणाऱ्याची दृष्टी वाखाणण्यासारखी आहे. एका बाजूस मिरकरवाड्याचे मासेमारी बंदर, दुसऱ्या बाजूस मांडवीचा खुला काळा समुद्र, किल्ल्याच्या उत्तरेस पांढऱ्या वाळूचा पांढरा समुद्र, अलीकडे भाट्याची आणि पलीकडे काळबादेवीची खाडी. खडक, वाळू, चिखल, गोडे पाणी, खारे पाणी आणि मचूळ पाणी, हे सर्व एका दिवसाच्या पायपिटीत. प्राणिशास्त्रज्ञाला याहून अधिक काय हवे?

अशा केंद्रांपैकी युरोपातील एक जुने केंद्र अन्टोन डोर्न या जर्मन शास्त्रज्ञाने इटलीतील नेपल्सच्या किनाऱ्यावर १८७२ साली स्थापिले. त्याच्या इमारतीत खाली लोकांसाठी मत्स्यालय आणि वर अभ्यासकांसाठी प्रयोगशाळा होती. खालच्या तिकिटांचा पैसा वरच्या संशोधनास लागावा, अशी त्याची तजवीज. रत्नागिरीच्या केंद्रातही मत्स्यालय आणि संग्रहालय आहे, आणि त्याचा मोठा लाभ पैशाचा नसून ओळखीचा आहे. जिल्ह्यातील शाळांच्या कित्येक पिढ्या सहलीच्या निमित्ताने तेथून गेल्या. मीही एकदा त्या रांगेत होतो. देवमाशाचा तो अजस्र सांगाडा, एकेक मणका माणसाने कवेत घ्यावा एवढा, पाहून आम्ही मुले गप्प झालो होतो. पण त्याहून अधिक वेळ आम्ही उभे राहिलो होतो काचेच्या बरण्यांपुढे, कारण त्यांच्यात रसायनात बुडवून ठेवलेले मासे आमच्याच घरी शिजणारे होते आणि त्यांना लॅटिन नावे होती. आपल्या ताटातील मांदेलीला जगातल्या सर्व विद्वानांना कळेल असे एक नाव आहे, या गोष्टीचा त्या वयात झालेला आनंद मला आजही आठवतो.

केंद्राच्या पहिल्या काळातील कामांपैकी एक मला विशेष प्रिय आहे, आणि ते देवमाशाचे नसून तिसऱ्यांचे आहे. तिसरी म्हणजे दोन शिंपल्यांतील तो लहानसा जीव, जो खाडीच्या वाळूमिश्रित चिखलात बोटभर खोल रुतून बसलेला असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला पाणी दूरवर सुकले की बायका पाट्या घेऊन उतरतात आणि पायाच्या तळव्याने अंदाज घेत, वाकून, हाताने ती वेचतात. या धंद्यास होडी लागत नाही, जाळे लागत नाही, भांडवल लागत नाही; म्हणून तो विधवांचा, म्हाताऱ्यांचा आणि ज्यांच्या घरचा पुरुष समुद्रावरून परतला नाही अशांचा धंदा आहे. त्याची गणना कोणत्याही जमाखर्चात झाली नव्हती. एम. आर. रानडे यांनी रत्नागिरीच्या या शिंपल्यांचे जीवशास्त्र, परिसरशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र हा विषय घेऊन साठीच्या दशकात मुंबई विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला. आणि पुढच्या दशकात मराठवाडा विद्यापीठाचे आर. नागभूषणम आणि यू. एच. माने यांनी काळबादेवीच्या खाडीतील तिसऱ्यांच्या प्रजननाचा अभ्यास करून १९७५ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच सुमारास त्यांनी किनाऱ्यावरील खडकांना चिकटून वाढणाऱ्या हिरव्या शिनाण्यांवरही लिहिले. मराठवाडा विद्यापीठाची स्थापनाही १९५८ मधलीच. समुद्रापासून शेकडो मैल दूर, ज्या भूमीत पाण्याचा थेंब जपून वापरावा लागतो, तेथील विद्यापीठाने आपली माणसे कोकणच्या खाडीत पाठवावीत आणि त्यांनी चिखलात उभे राहून शिंपले मोजावेत, या गोष्टीत विद्येच्या बंधुभावाचे जे दर्शन घडते ते मला फार मोलाचे वाटते.

हा अभ्यास कसा चालतो, ते थोडे सांगितले पाहिजे. दर महिन्याला त्याच जागेवरून ठरावीक संख्येचे शिंपले आणावयाचे. प्रत्येकाची लांबी मोजावयाची. कवच आणि आतील मांस वेगवेगळे तोलावयाचे. आणि आतील जननग्रंथीचा कण काचपट्टीवर पसरून तो नर की मादी, बीज पक्व की अपक्व, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे. त्याच दिवशी खाडीच्या पाण्याचे तापमान आणि खारटपणाही नोंदवावयाचा, कारण पावसाळ्यात नदीला पूर आला की खाडीचे पाणी जवळजवळ गोडे होते आणि शिंपला दोन्ही झडपा घट्ट मिटून, अन्नपाण्यावाचून, खारे पाणी परतण्याची वाट पाहतो. अशी बारा महिन्यांची, चोवीस महिन्यांची कोष्टके एकाखाली एक आली म्हणजे मग एक दिवस सांगता येते की या महिन्यांत हा जीव बीज सोडतो, या महिन्यांत त्याचे मांस भरलेले असते, आणि म्हणून वेचावयाचा झाला तर तो अमुक काळात वेचावा आणि अमुक लांबीच्या खाली वेचू नये. महिन्यामहिन्याला खाडीत उतरून एवढ्या कंटाळवाण्या चिकाटीने केलेली ही मोजणीच मला या केंद्राच्या कामाचा आत्मा वाटते.

१८ मे १९७२ रोजी दापोलीस कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि खात्याचे हे केंद्र विद्यापीठाच्या घरात आले. हा केवळ आस्थापनेचा बदल नव्हता. कृषी विद्यापीठाच्या कल्पनेतच शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तीन कर्तव्ये एका दाव्याला बांधलेली आहेत. तिचे मूळ अमेरिकेतील १८६२ च्या मॉरिल कायद्यात, ज्याने सरकारी जमिनी देऊन शेती आणि यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये उभारली, आणि १९१४ च्या त्या दुसऱ्या कायद्यात आहे, ज्याने महाविद्यालयातील ज्ञान शेतकऱ्याच्या बांधावर नेण्यासाठी खर्चाची सोय केली. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने ग्रामीण विद्यापीठांचा विचार मांडला आणि १९६० साली पंतनगरला पहिले कृषी विद्यापीठ निघाले. खात्याचा अधिकारी दर्यावर्दी माणसाकडे परवाना तपासावयास जाई. विद्यापीठाचा माणूस त्याच्याकडे काही विचारावयास आणि काही सांगावयास जाणार, अशी ही योजना. ती सर्वत्र आणि सर्वकाळ तशी चालली, असा दावा कोणी करू नये. पण दारावर आलेला माणूस वसुलीला आलेला नाही, एवढे समजण्यासही किनाऱ्यावरील घरांना काही वर्षे लागली असतील, आणि तो विश्वास निर्माण होणे हीच मोठी कमाई होती.

१९८१ साली शिरगावला मत्स्य महाविद्यालय सुरू झाले आणि केंद्रातील कामास विद्यार्थ्यांचे हात मिळाले. पुढे २००० साली पशू आणि मत्स्य विज्ञानासाठी नागपूरला स्वतंत्र विद्यापीठ झाले, तेव्हा मत्स्यशिक्षण कोणाच्या अखत्यारीत असावे हा वाद उभा राहिला. शिरगावचे महाविद्यालय मात्र दापोलीकडेच राहिले. मला हे योग्य वाटते. ज्याच्या खिडकीतून खाडी दिसते त्याने खाडीचा अभ्यास करावा, यासाठी फार मोठ्या युक्तिवादाची गरज नाही.

मांडवीच्या धक्क्यावर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले की खाडीपलीकडे माडांची जी गर्द रेघ दिसते, तीत १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे, म्हणजे ते सागरी केंद्राहूनही तीन वर्षांनी जुने. माडाचे संशोधन करणाऱ्यास फार दीर्घायुषी धीर लागतो, कारण आज लावलेल्या रोपाचा गुणदोष कळावयास दहा-पंधरा वर्षे जातात, आणि लावणारा पुष्कळदा निकाल पाहण्यापूर्वीच सेवानिवृत्त होतो. बाणवली माडातून निवडलेली ‘प्रताप’ ही जात येथलीच. पण कोकणातील लहान खातेदाराच्या दृष्टीने भाट्याची खरी देणगी म्हणजे ‘लाखी बाग’. उंच माडांच्या ओळींमधील जी जागा पूर्वी मोकळी पडून राही, तेथे जायफळ, दालचिनी, केळी आणि माडाच्याच खोडावर चढविलेली काळी मिरी घेऊन त्याच तुकड्यातून लाखाचे उत्पन्न काढावयाचे, असा तिचा अर्थ आहे. ज्या प्रांतात जमिनीचे तुकडे वाटण्या होऊन होऊन अंगणाएवढे झाले आहेत आणि घरातील कर्ता मुलगा मुंबईस गेलेला आहे, तेथे म्हातारा-म्हातारीच्या हातून निभेल अशी शेती शोधून काढणे हे केवळ वनस्पतिशास्त्र नव्हे.

सगळेच सुखाचे झाले असे नाही. कोळंबीला परदेशी भाव आल्यावर नव्वदीच्या दशकात किनाऱ्याच्या खाजणांत वाघी कोळंबीची तळी खोदण्याची लाट आली. संशोधनाने बीज आणि खाद्य यांचे तंत्र दिले, परंतु किती तळी, कोठे, आणि त्यांतले सांडपाणी जाणार कोठे, हे ठरविण्याइतका अवसर कोणी कोणास दिला नाही. देशाच्या पूर्व किनाऱ्यावर रोगाने तळीच्या तळी रिकामी झाली, शेतजमिनी आणि विहिरी खारट झाल्या, आणि ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयास किनारपट्टीच्या नियमनक्षेत्रातील अशा कोळंबीशेतीविरुद्ध कडक निर्णय द्यावा लागला. तंत्र शिकविणाऱ्याने मर्यादाही त्याच श्वासात शिकवावी लागते, हे त्या दशकाने दाखविले.

मर्यादेचा हाच प्रश्न खोल समुद्रात पर्ससीन जाळ्याने उभा केला. मांडवीसारख्या वाळूच्या किनाऱ्यावरची जुनी रापण ज्यांनी पाहिली आहे त्यांना दोहोंतील अंतर सांगावयास नको. रापणीत होडीतून अर्धवर्तुळ टाकलेले जाळे दोन्ही बाजूंच्या दोरांनी किनाऱ्यावरून ओढीत आणावयाचे. दोराला हात लावणाऱ्यास वाटा, आणि जाळ्याची पोच किनाऱ्याला येईल त्याच माशापुरती. पर्ससीन मात्र समुद्रातच थव्याला घेरते आणि बटव्याची दोरी ओढावी तसा जाळ्याचा तळ आवळून सारा थवा एकदम उचलते. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याने राज्याला बारा सागरी मैलांपर्यंत नियम करण्याचा अधिकार दिला होता. परंतु तो वापरावयाचा कोणत्या आधारावर? त्यासाठी डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशींवरून ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांपुरती मर्यादित झाली आणि परवान्यांची संख्या क्रमाने १८२ पर्यंत खाली आणावयाचे ठरले. त्या निर्णयाने एका घरातील दोन भावांतही तंटे झाले, कारण एकाची नौका पर्ससीनची आणि दुसऱ्याची साधी. कोणाचीही बाजू सोपी नव्हती. पण वाद निदान माशांच्या आकड्यांवर आणि पाण्याच्या वावांवर होऊ लागला.

लोकांचे जुने ज्ञान आणि नवी मोजणी यांची गाठ सर्वांत सुंदर पडली ती पावसाळी बंदीत. मृग लागला की होड्या शाकारून ठेवावयाच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावरच त्या पुन्हा लोटावयाच्या, हा रिवाज कोणत्याही सरकारच्या आधीचा. पुष्कळ मासे याच काळात अंडी सोडतात, हे संशोधनाने नंतर सांगितले. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी बंदी आहे, आणि ती नारळी पौर्णिमेपर्यंत वाढवा अशी मागणी करणारे खुद्द मच्छीमारच असतात. त्याच दिशेने पुढचे पाऊल म्हणजे २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी ठरविलेली किमान लांबी: पापलेट १३५ मिलिमीटरहून लहान असल्यास पकडू नये, सुरमई ३७० हून. केंद्र सरकारच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवर हे आकडे बेतले आहेत. त्या १३५ या आकड्यामागे बंदराबंदरावर पहाटे उभे राहून फूटपट्टीवर मासा निजवून त्याची लांबी लिहून घेणारी कित्येक अनाम माणसे आहेत. पूर्वी मासळीची पाटी मोजली जाई ती तिच्यातून किती काढून घ्यावयाचे हे ठरविण्यासाठी. आता मासा मोजला जातो तो समुद्रात किती सोडावयाचे हे ठरविण्यासाठी.

एक खंत मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. हे सर्व ज्ञान बहुतांशी इंग्रजीत छापले गेले. रानड्यांचा प्रबंध, काळबादेवीच्या तिसऱ्यांवरील निबंध, पुढच्या विद्यार्थ्यांची शेकडो प्रबंधिका, ही सारी ज्या बायकांच्या पायाखालच्या चिखलातून निघाली त्यांना ती वाचता येत नाहीत, आणि त्यांनी दिलेली नावेही त्यांत क्वचित येतात. विद्यापीठाची मराठी पुस्तके, मेळावे आणि प्रशिक्षणे आहेत, बायकांना कोळंबीचे लोणचे करण्यापासून शोभेचे मासे वाढविण्यापर्यंत पुष्कळ शिकविले जाते, हे मी जाणतो आणि त्याचा आदर करतो. परंतु शिकविण्याहून लिहून घेण्याचे काम मागे पडले. कोणत्या वाऱ्याला कोणता मासा लागतो, भांगाच्या पाण्यात जाळे कोठे टाकावे, मतलई वारा केव्हा फिरतो, हे ज्यांना पाठ होते ते तांडेल एकेक करून गेले. १८८० च्या त्या खंडातील अनाम तांडेल अजून अनामच आहे.

मागील वर्षी माघी पौर्णिमेच्या ओहोटीला मी भाट्याच्या खाडीत उतरलो होतो. पाणी पार पुलापलीकडे हटले होते. एक महाविद्यालयीन मुलगा गुडघ्याइतक्या चिखलात उभा राहून एका वृद्ध बाईच्या पाटीतले शिंपले तिच्या परवानगीने एकेक उचलून कॅलिपरच्या चिमट्यात धरी, आकडा वाची आणि ओल्या बोटांनी वहीत लिही. वीस-पंचवीस झाल्यावर बाईने कंबर सरळ केली.

“काय लिवतंस रे एवढा?”

“लांबी, मावशी. मिलिमीटरमध्ये.”

“आनि नाव?”

त्याने वही तिच्यापुढे धरली. वर लॅटिन नाव होते. तिने ते पाहिले, मान हलविली, आणि पाटीतून दोन शिंपले काढून त्याच्या तळव्यावर ठेवले. एक गुळगुळीत आणि फिकट, दुसरा खरबरीत आणि काळपट; मला तरी ते तोवर एकच वाटले होते. ही तिसरी, ती म्हणाली, आणि हा खुबा, ह्याची चव न्यारी, हा वरच्या अंगाला गोड्या पाण्याकडे जास्ती गावतो. मुलगा क्षणभर थांबला. मग त्याने लॅटिन नावाच्या शेजारी, समासात, देवनागरीत ती दोन्ही नावे लिहिली, आणि खाली तिचे नाव विचारून तेही लिहिले. भरतीचे पहिले पाणी तोवर पावलांशी आले होते. बाईने तळहातही न भरेल एवढी बारीक तिसऱ्यांची मूठ पाटीतून वेचून काढली, चिखलात परत टाकली, आणि पाटी डोक्यावर घेऊन राजिवड्याच्या बाजूस चालू लागली.